पेंढ्याचा प्रश्न

एप्रिल संपता संपता रत्नागिरीहून आंब्याची पेटी आली. पेटी म्हणायचं आपलं सवयीनं. असतो तो पुठ्ठ्याचा खोका. बाजूला भोकं, आत प्रत्येक फळाला जाळीचा मोजा, वर बागेचा क्रमांक आणि तोडणीच्या तारखेची चिकटपट्टी. बायकोनं खोका उघडला आणि घरभर आंब्याचा वास पसरला. नुसता आंब्याचा. लहानपणी पेटी फळ्यांची असायची. उलथन्यानं वरची फळी उचकटली की आधी पेंढ्याचा वास यायचा, कोरडा, धुळकट, गेल्या हंगामातल्या भाताचा. मग त्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपडायचं. कुसं टोचायची, हाताला खाज सुटायची, आणि बोटांना अचानक काहीतरी गार, गुळगुळीत लागायचं. आंबा आधी हाताला कळायचा, नाकाला नंतर.

पेंढा गेला ते योग्यच झालं. का गेला, हे मी कोणालाही तासभर समजावून सांगू शकतो. माझा व्यवसायच तो आहे. सरकारी अधिकाऱ्यांना आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम शिकवणं, हे मी पंचवीस वर्षं करत आलो. कुठल्या देशात कुठला माल कशा वेष्टनात चालतो, कोणाची सही लागते, ती सही खोटी ठरली तर काय होतं. एवढं सगळं शिकवलं, पण पेंढ्याबद्दल मला पहिल्यांदा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी काय उत्तर दिलं, हे कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. दरवर्षी आंब्याच्या दिवसांत ते आठवायचं आणि पावसाळा लागला की बाजूला पडायचं. अशी बरीच वर्षं गेली.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी अठ्ठावीस वर्षांचा, मुंबईत परदेशी व्यापाराचा अभ्यासक्रम करून एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत नुकता लागलेला. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. जिल्ह्याजिल्ह्यांत वर्ग घ्यायचे ठरले तेव्हा रत्नागिरी माझ्या वाट्याला आली, मी तिथलाच म्हणून. मार्च महिना होता. विश्रामगृहामागच्या लांबट कौलारू हॉलमध्ये पंधरा दिवसांचा वर्ग. जांभ्याच्या भिंती दुपारपर्यंत गार असायच्या, मग तापायच्या आणि संध्याकाळपर्यंत तापलेल्याच राहायच्या. खिडकीबाहेर दोन कलमं होती. मोहोर गळून गेलेला, कैऱ्या सुपारीएवढ्या. वाऱ्यानं एखादी कौलावर पडली की सगळा वर्ग वर बघायचा.

बावीस जण होते. शेती खातं, मत्स्य खातं, बंदर, सीमाशुल्क, सहकार. सगळे माझ्याहून वयानं मोठे, काही तर वडिलांच्या वयाचे. मला सर म्हणायचे. पहिले दोन दिवस त्या शब्दासरशी मी मागे वळून बघायचो, तिसऱ्या दिवशी सवय झाली. सवय फार लवकर होते या गोष्टीची.

दिल्लीहून आलेली चक्रमुद्रित टिपणी इंग्रजीत होती. मी ती मराठीत केली होती. तिच्यातलं पहिलं मोठं तत्त्व असं, की एका देशाला जकातीत जी सवलत द्याल ती व्यापार करारातल्या बाकीच्या सदस्य देशांनाही द्यावी लागते. मी फळ्यावर बाण काढून हे समजावत होतो, तर मत्स्य खात्यातले साखळकर म्हणाले, "सर, म्हणजे एका सुनेला पाटल्या केल्या की सगळ्या सुनांना करायच्या."

"बरोबर," मी म्हणालो.

"मग सासू बुडाली."

"म्हणून ती कोणालाच काही करत नाही," सीमाशुल्काच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. आजही मी हे तत्त्व सुनांवरूनच शिकवतो. लोक हसतात, आणि मी साखळकरांचं नाव सांगत नाही.

हसत नव्हते ते एकटे शिगवण. ते लिहीत होते. शेती खात्यात पर्यवेक्षक, पन्नाशीचे, लांज्याच्या आतल्या बाजूच्या एका वाडीवरचे. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्यांच्या खानदानात सरकारी नोकरीत गेलेले ते पहिले. बाकी सगळे मुंबईच्या गिरण्यांत. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याची वही होती. पानाच्या डोक्यावर तारीख, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'सर म्हणाले'. एकदा मी जाता जाता वहीत डोकावलो. लिहिलं होतं : 'सर म्हणाले, सवलत एकास दिली तर सर्वांस. साखळकर म्हणाले, पाटल्या. सर म्हणाले, बरोबर.'

मी हसलो. म्हणालो, "शिगवण, विनोद कशाला लिहून घेता?"

"विनोद कुठला ते मला नंतर वाचताना कळतं सर," ते म्हणाले. "आधी सगळं लिवतो."

त्यांना सगळं का लिहून घ्यायचं होतं, ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. आंबा परदेशी पाठवायचा तर फळ निरोगी असल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्याच्यासाठी माल आधी मुंबईला न्यावा लागायचा. यापुढे काही अधिकाऱ्यांना इथेच सही करण्याचा अधिकार मिळणार होता, आणि शेती खात्यातून शिगवणांचं नाव गेलं होतं. बियाण्याच्या पावत्या आणि फवारणीच्या याद्या यांच्यावर सह्या करत ज्याची पंचवीस वर्षं गेली, त्याची सही आता समुद्रापलीकडचा कोणीतरी साहेब वाचणार होता. चहाच्या वेळी साखळकर त्यांना चिडवायचे, "काय शिगवणभाऊ, राणीला आंबा पाठवताय म्हणे."

"राणीला न्हाय. राणीच्या देशाला," शिगवण गंभीरपणे सांगायचे.

आता मुद्द्यावर येतो. इतकी पानं मी तो टाळत आलो हे मला दिसतंय.

दुसऱ्या आठवड्यात आमचे वरिष्ठ, प्रधान साहेब, मुंबईहून वर्ग बघायला आले. माझ्या कायम होण्याचा शेरा तेच लिहिणार होते. पहिल्या दिवशी बंदर खात्यातल्या एकानं कसलासा प्रश्न विचारला आणि मी म्हणालो, "माहीत नाही, बघून सांगतो." दुपारी चहा घेताना साहेब बशीत चहा ओतत शांतपणे म्हणाले, "हे बघा, वर्गापुढे उभा राहिलेल्या माणसाला माहीत नाही असं नसतं. ठाम सांगायचं. मग पुस्तक उघडायचं, आणि चुकलेलं असलं तर दुसऱ्या दिवशी बोलता बोलता दुरुस्त करायचं. कोणाच्या लक्षात येत नाही." वाईट हेतूनं नाही बोलले ते. त्यांनी स्वतः तसंच शिकवत आयुष्य काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मागच्या बाकावर पाय लांब करून बसले होते, हातात पेन्सिल. शिगवणांनी हात वर केला आणि उठून उभे राहिले. ते प्रश्न विचारताना उभे राहायचे.

"सर, मी आंबा तपासला. कीड न्हाय, डाग न्हाय. सही केली. पण पेटीत पेंढा हाय. तो आमच्या खाचरातला. कीड त्याच्यातबी असते. तर माझी सही आंब्यापुरती, का पेंढ्याचीपण?"

इतका नेमका प्रश्न मला त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत फार थोड्या वेळा कोणी विचारला. मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नसल्याचं कळायला मला क्षणभर लागलं, आणि त्या क्षणात साहेबांची पेन्सिल थांबलेली दिसली.

"पेंढा हे वेष्टन झालं," मी म्हणालो. "प्रमाणपत्र मालाचं असतं, वेष्टनाचं नव्हे. पेंढ्याला हरकत नाही."

"नक्की ना सर?"

"नक्की."

ते बसले. वही उघडली. मागे साहेबांनी मान डोलावली.

शुक्रवारी दुपारी, परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, मी इंग्रजी टिपणीची परिशिष्टं चाळली. ती लांबलचक होती म्हणून मी मराठीत आणलीच नव्हती. सातव्या की आठव्या पानावर होतं : गवत, पेंढा, पालापाचोळा घालून बांधलेला माल कित्येक देश उतरवूनच घेत नाहीत. आतलं फळ कितीही स्वच्छ असो. मी ते पान दोनदा वाचलं. बाहेर उन्हात विश्रामगृहाचा माळी पाईपनं पाणी मारत होता. मला अगदी शांत वाटत होतं. उद्या सांगू, असं मनाशी म्हणालो, बोलता बोलता.

शनिवारी समारोप. पाहुणे, हार, नारळ, फोटो. बोलता बोलता सांगायला जागाच नव्हती, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. ते खरं नाही. जागा होती. फोटो झाल्यावर शिगवण माझ्यापाशी आले. परदेशी पाठवायच्या कार्डावर नमुन्याची सही इंग्रजीत करायची होती आणि त्यांची आजवरची सही मराठी. त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून पुढे धरलं, "सर, जरा दाखवा कशी करू." आम्ही दोघंच होतो, व्हरांड्याच्या कठड्याशी. मी त्यांना अक्षरं जोडून दाखवली. त्यांनी पंधरा-वीस वेळा गिरवली. शेवटच्या 'एन'ची शेपटी ते लांब ओढायचे. "ही नको," मी म्हणालो. "असू दे सर," ते म्हणाले, "जरा ऐट पायजे." अर्धा तास मी त्यांच्या शेजारी उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. पण ज्या माणसाला मी 'नक्की' म्हटलं होतं, तो माझ्याकडे सर म्हणून बघत होता. ते बघणं मला मोडवलं नाही. रत्नागिरीतच वाढलेला मी. इथला प्रत्येक बागायतदार पेटी पेंढ्यातच भरतो हे मला शिकवायला कोणी नको होतं.

मे महिन्यात पहिला माल गेला. फार मोठा नव्हता, चाचणीपुरताच. शिगवणांनी म्हणे एकेक फळ हातात घेऊन, देठापाशी नाक लावून तपासलं होतं. माल त्या देशाच्या विमानतळावर उतरला. तिथल्या तपासनिसांनी पहिली पेटी उघडली, पेंढा बघितला आणि सगळा माल जाळला. तार आली. बागायतदारांच्या ज्या सोसायटीचा माल होता तिला पुढच्या वर्षीची मागणी मिळाली नाही. मग चौकशी लागली.

चौकशीत शिगवणांनी वही पुढे केली. तारीख, आणि खाली : 'सर म्हणाले, पेंढ्याला हरकत नाही. मी विचारले, नक्की ना. सर म्हणाले, नक्की.' चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, या वहीवर प्रशिक्षकाची सही आहे का. नव्हती. मग आमच्या संस्थेला पत्र आलं : प्रशिक्षणात अशी माहिती दिली गेली होती काय, याचा खुलासा व्हावा. पत्र माझ्या टेबलावर आलं.

मी खोटं लिहिलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याचा मला तेव्हा आधार वाटला होता. मी लिहिलं : 'प्रशिक्षणार्थींना वाटण्यात आलेल्या मराठी टिपणीचे अवलोकन केले असता त्यात असा कोणताही उल्लेख आढळून येत नाही.' अक्षर न् अक्षर खरं. पेंढ्याचा उल्लेखच मी टिपणीत आणला नव्हता. शिगवणांनी टिपणीचं नावही घेतलं नव्हतं, मी काय बोललो ते सांगितलं होतं. पण सरकारी कागदाला कान नसतात. साहेबांनी मसुदा वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली सही केली. आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही. त्या महिन्यातच मी कायम झालो.

शिगवणांचा सहीचा अधिकार गेला. तो गेल्याचं परिपत्रक आमच्याच संस्थेतून निघालं, वकिलातींना पाठवायचं : खालील अधिकाऱ्याची नमुना सही रद्द समजावी. त्यांचं नाव परदेशी तीनदाच गेलं. एकदा कार्डावर, एकदा जाळलेल्या मालाच्या प्रमाणपत्रावर, एकदा या परिपत्रकात. मग त्यांची चंद्रपूरला बदली झाली. घरी बायको, दोन म्हशी आणि म्हातारे वडील. कोकणातला माणूस तिकडच्या उन्हाळ्यात काय करत असेल, हा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि पुढच्या कामाला लागलो. पुढच्या वर्षीच्या टिपणीत परिशिष्टांचं भाषांतर घातलं. पेंढ्याचा परिच्छेद जाड टाइपात. ते बघून कोणीतरी माझी तारीफही केली.

चार-पाच वर्षांनी राजापूरच्या एस.टी. स्टँडवर ते भेटले. मी टाळणार होतो, पण त्यांनीच हाक मारली, "सर." केस पिकले होते. निवृत्तीला थोडे दिवस उरले म्हणाले. आणि मग, मी काही बोलायच्या आत, "सर, तुमची ती टिपणी मी परत काढून वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुमी लिवलंत ते बरोबर. पेंढ्याचं त्यात न्हायच. माझ्याच कानानं भलतं ऐकलंन असणार, आणि हातानं लिवलंन. तुमाला उगाच त्रास झाला."

गाडी लागत होती. कंडक्टर ओरडत होता. मी म्हणालो, "असू दे शिगवण, झालं ते झालं."

मी त्यांना माफ केल्यासारखं बोललो. त्यावर ते मान खाली घालून हसले. त्यांचा अधिकार जाण्यात माझा हात होता, ते मी तेव्हाही जाणून होतो. पण स्वतःच्या वहीवरचा, स्वतःच्या कानांवरचा त्यांचा विश्वासही गेला होता, आणि तो तिथे स्टँडवर, दिवसाढवळ्या परत करता आला असता. मी खिडकीची जागा पकडायला गेलो.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. बढत्या झाल्या. परदेशी जाऊन आलो. वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगतो, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा." तरुण अधिकाऱ्यांना ते आवडतं. सर फार विनम्र आहेत, असं अभिप्रायाच्या कागदावर लिहितात. ते कागद मी फायलीला लावतो.

यंदा खोका उघडला त्यानंतर तीन आठवड्यांनी मी लांज्याला गेलो. साखळकरांना फोन करून पत्ता घेतला होता. "कशाला सर आता?" त्यांनी विचारलं. "असंच," मी म्हणालो. लांज्याहून आत जाणारी गाडी दुपारची. उतरल्यावर जांभ्याची पायवाट, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, उन्हानं तापलेला कातळ. शिगवण पडवीत बसले होते. पंचाहत्तरीचे झाले असतील. ओळखलं त्यांनी. उठायला लागले. मी बसवलं. अंगणात त्यांची बायको रातांबे फोडत होती. आमसुलांसाठी सालं एका सुपात, गर पातेल्यात. हात मनगटापर्यंत जांभळे.

पाणी झालं, चहा झाला, कोणाची लग्नं झाली ते झालं. मग मी म्हणालो, "शिगवण, एक सांगायचं राहिलंय. त्या वर्गात पेंढ्याबद्दल चुकीची माहिती दिली गेली होती."

"कोणी दिली?"

गाडीत वाटभर हे वाक्य मी जुळवत होतो. तरी ते असंच बाहेर पडलं होतं, कर्त्याशिवाय.

"मी दिली. तुम्ही विचारलंत, मी म्हणालो हरकत नाही. तुम्ही विचारलंत नक्की ना, मी म्हणालो नक्की. तुमच्या वहीत होतं ते सगळं बरोबर होतं. मला त्याच आठवड्यात कळलं होतं चुकलं ते. आणि पत्र आलं तेव्हा मला सगळं आठवत होतं."

त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. "म्हंजे मी ऐकलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"बरोबर ऐकलं होतं."

"हो."

मग त्यांनी अंगणाकडे बघून हाक मारली, "अगो, इकडं ये जरा." ती हात तसेच पुढे धरून पडवीच्या पायरीपाशी आली. "सर, हिला सांगा," ते म्हणाले. "मला कळलं. हिला सांगा. हिला मी इतकी वर्षं सांगत आलो, माझीच चूक म्हणून."

दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण होतं. तिला ना टिपणी माहीत, ना परिशिष्ट. लपायला एकही शब्द नव्हता. मी सांगितलं. ती शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हे चंद्रपूरला गेले तेव्हा सासरे अंथरुणाला होते," ती म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात, माहिती दिल्यासारखं. "लोक विचारायचे, काय खाल्लंन का नवऱ्यानं तुझ्या. मी सांगायची, खाल्लं न्हाय, ऐकण्यात चूक झाली." मग तिनं विचारलं, "तुमी तेव्हाच खरं बोलला असतात, तर तुमचं काय झालं असतं?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. भीती होती एवढंच आठवत होतं, कशाची ते कधी तपासलं नव्हतं. आता उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही.

"फार तर एक मेमो मिळाला असता," मी म्हणालो. "आणि कायम व्हायला सहा महिने उशीर."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. ते खाली जमिनीकडे बघत होते. मग ती अंगणात जाऊन बसली, आणि टोपलीतला पुढचा रातांबा हातात घेतला.